नौपाडा ते नौपाडा, येऊरमार्गे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागताना ‘शाळेने मला काय दिले’ हा विषय सुचवला होता. या विषयावर आमच्याहून अधिक अधिकाराने लिहू शकतील असे माजी विद्यार्थी शेकड्यांनी आहेत आणि त्यांपैकी अनेकांचे लेख याच अंकात वाचकांना मिळतील. आम्ही या शाळेचे विद्यार्थी नव्हे. ठाण्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवावा आणि दर हिवाळ्यात आपल्या वसतिगृहातील नववी-दहावीच्या मुलामुलींना घेऊन येऊरच्या डोंगरातून धावावे, एवढाच आमचा या संस्थेशी संबंध. तेव्हा आम्हाला जे ठाऊक आहे त्याविषयीच लिहितो. पालक सभेत या धावण्यावर जी चर्चा झाली तिचा वृत्तान्त अनेकांनी ऐकीव स्वरूपात आमच्याकडे विचारला आहे. तोही यानिमित्ताने नीट नोंदला जाईल.

आमच्या पिढीला धावणे ठाऊक होते ते लोकल पकडण्यापुरते. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालण्याची सक्ती केली. आरंभी तलावपाळीला दोन फेऱ्या, मग चार, मग चालता चालता थोडे धावणे, असे करीत एक दिवस पाय उपवनपर्यंत गेले आणि समोर डोंगर उभा राहिला. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे शांतपणे येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत: दूरचा प्रवास झेपतो, कष्ट सोसण्याची शक्ती येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या लाभाविषयी आमच्या डॉक्टरांचे तथागतांशी पूर्ण एकमत आहे. पाचव्याचा अनुभव आम्हाला डोंगरातच आला, गोखले मार्गावर कधी आला नाही.

नौपाड्यात आम्ही तीस वर्षे राहतो. प्रथम भाड्याची खोली शोधत फिरलो तेव्हा आडनाव सांगितल्यावर दोन-तीन दारांवर ‘खोली कालच गेली’ असे उत्तर मिळाले होते. तीच खोली पुढे महिनाभर रिकामी दिसत असे. आज आमच्याच इमारतीतील चार बिऱ्हाडे धावण्याच्या आदल्या रात्री वसतिगृहातील मुलांना आपल्या घरी झोपायला जागा देतात, पहाटे चार वाजता उठून चहा करतात आणि परतल्यावर पोह्यांची परात तयार ठेवतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकीच्या बळावर दुसरी खोडू नये.

आता वाटेविषयी. नौपाड्यातून निघून नौपाड्यातच परत येणारे हे वर्तुळ वीस किलोमीटरच्या आतबाहेर भरते. त्यातले निम्म्याहून अधिक डांबर आहे, उरलेली माती, मुरूम, उघडे खडक आणि ओहोळांची पात्रे. तीन हात नाक्यावरून द्रुतगती महामार्गाच्या कडेने नितीन, कॅडबरी, माजिवडा, कापूरबावडी अशी नाकी घ्यायची, घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या खांबांखालून मानपाड्यापर्यंत जायचे आणि तेथे डावीकडे डोंगराकडे वळायचे. वनखात्याच्या फाटकापासून पायवाट सुरू होते. ती चढून येऊरच्या पाड्यांत पोहोचायचे, मग घाटाचा डांबरी रस्ता उतरून उपवनच्या तलावाशी यायचे आणि पोखरण रस्ता क्रमांक एकने वर्तकनगरवरून घरी. पूर्वी आम्ही हेच वर्तुळ उलट दिशेने धावत होतो. दिशा का बदलली ते पुढे येईलच.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरले आहे आणि त्यातला मोठा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, हे मुंबईकरांना सहसा आठवत नाही; त्यांच्या लेखी ते बोरिवलीचे. या उद्यानातला सर्वांत उंच माथाही ५०० मीटर भरत नाही. ज्यांनी कळसूबाई किंवा साल्हेर पाहिला आहे त्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण धावणाऱ्याची उंची नकाशावर मोजत नाहीत. समुद्रसपाटीजवळच्या ठाण्याची दमट हवा, ओहोळागणिक उतरून पुन्हा चढायला लावणारी वाट, आणि पायाखाली कधी गुळगुळीत काळा खडक तर कधी गोट्यांसारखा घरंगळणारा मुरूम. या तिन्हींनी मिळून सपाटीवर तासाभरात होणारे अंतर येथे दोन तास खाते.

मुलांना आम्ही पहिल्या दिवशी एवढेच सांगतो की चढावर पाऊल आखूड करा. शर्यतीत शिकलेली लांब ढांग डोंगरात कामाची नाही. श्वास तोंडाने घ्यावा लागला की धावणे थांबवून झपझप चालावे आणि त्यात काहीही कमीपणा मानू नये. जगातले उत्तम डोंगरी धावपटू उभ्या चढावर चालतातच. नजर पायाजवळ न ठेवता चार-पाच पावले पुढे ठेवावी, म्हणजे पाय कोठे पडणार हे डोळ्यांना आधी कळते. शहरातली मुले नेमकी याच्या उलट करतात. आपल्या वसतिगृहातील शहापूर, मुरबाड, जव्हारकडच्या मुलांना मात्र हे शिकवावे लागत नाही. बुटांची सवय नसल्याने त्यांतली काही जण पांढरे कॅनव्हासचे बूट गळ्यात अडकवून अनवाणी धावू लागतात आणि आमच्या महागड्या बुटांच्या पुढे निघून जातात. काचा आणि काटे यांच्या भीतीने आम्ही बूट घालायला लावतो. ते नाराजीनेच घालतात.

जंगलाचे वर्णन करण्याचा मोह आवरता घेतला पाहिजे, कारण धावताना जंगल फारसे दिसतच नाही. ते अधिक ऐकू येते आणि त्याहून अधिक तळपायांना कळते. सागाची वाळलेली पाने पापडासारखी मोडतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत वीस मुलांची रांग एखाद्या मिरवणुकीसारखा आवाज करीत जाते. ऐनाच्या सालीवरच्या भेगा, काटेसावरीचे काटेरी खोड, कुड्याच्या जोडशेंगा एवढे येताजाता ओळखता येते. कारवीची गोष्ट मुलांना विशेष आवडते: सात वर्षे ही झुडपे नुसती वाढत राहतात आणि आठव्या वर्षी सगळा उतार एकदम जांभळा होतो. २००८, २०१६ आणि २०२४ साली येऊरने हे पाहिले. पुढच्या फुलोऱ्याला आजची नववी पदवीधर होऊन बसलेली असेल. पावसाळ्यानंतर खाजकुयलीच्या शेंगांना मात्र कोणी हात लावू नये. एका मुलाने लावला होता आणि त्याचे उरलेले सर्व अंतर खाजवण्यात गेले.

बिबट्याविषयी प्रत्येक पालक विचारतो आणि विचारलेच पाहिजे. २००४ साली या उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले, ही गोष्ट ठाण्यातला कोणीही विसरलेला नाही. म्हणून आमचे नियम ताठ आहेत. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पायवाटेवर पाय ठेवायचा नाही. सूर्य वर येण्याआधी जंगलात शिरायचे नाही; जानेवारीत तो सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणून सहाला निघून फाटकावर पोहोचेपर्यंत उजाडते. एकट्याने पुढे जायचे नाही, मागेही राहायचे नाही. वाटेच्या कडेला उकिडवे बसायचे नाही, कारण बसलेला माणूस जनावराला लहान प्राण्यासारखा दिसतो. बोलत राहायचे. या शेवटच्या नियमाचे पालन मुले फार मनापासून करतात.

येऊरच्या माथ्यावर पाटोणापाड्याच्या अलीकडे आम्ही सर्वांना पाच मिनिटे थांबवतो. पश्चिमेकडे, याच जंगलात, कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारापासून हजारएक वर्षे जागती राहिलेली. त्यांत यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले मोठे चैत्यगृह, डोंगरभर कोरलेल्या पाण्याच्या पोढी आणि भिक्षूंच्या निवासाची दालने. क्रमिक पुस्तकात हे सारे दोन ओळींत आटोपते. मुलांना आम्ही तेथील दानलेखांविषयी सांगतो. लेणी राजांनी खोदली असा सर्वसाधारण समज आहे, पण कान्हेरीच्या भिंतींवर नावे आहेत ती व्यापाऱ्यांची, सोनारांची, गृहिणींची, भिक्षुणींची. सोपारा, कल्याण, नाशिक, पैठण अशा गावांहून आलेल्या माणसांची. कोणी पोढी दिली, कोणी बसण्याचा ओटा दिला. नवव्या शतकातल्या एका लेखात, शिलाहारांच्या अमदानीत, डागडुजी आणि चीवरे यांच्या जोडीला पुस्तकांसाठीही द्रव्य ठेवल्याची नोंद आहे. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा लेख एका ओळीचा आहे: कल्याणच्या एका लोहाराने येथे वाट दान दिली. त्याने मूर्ती किंवा मंडप दिला नाही. लोकांना चालता यावे म्हणून डोंगरातली वाट दिली. कल्याणहून आलेला हा कारागीर आपल्या ठाणे खाडीच्याच टापूतला. मुले हे ऐकताना पायाखालच्या वाटेकडे बघतात. ही वाट ती नव्हे हे आम्ही लगेच स्पष्ट करतो, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी निबंधात तसे लिहून मोकळे होईल.

त्या माथ्यावर आम्ही आणखी एक हकीकत सांगतो, ती दक्षिण आफ्रिकेची. दरबान आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये १९२१ पासून कॉम्रेड्स नावाची सुमारे ९० किलोमीटरची शर्यत होते. साधारणतः एका वर्षी समुद्राकडून डोंगराकडे, पुढच्या वर्षी डोंगराकडून समुद्राकडे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ती सुरू झाली. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड नावाची स्त्री आणि १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली नावाचा कृष्णवर्णीय पुरुष ती पुरी करून आले, पण दोघांचीही अधिकृत नोंद झाली नाही, पदक मिळाले नाही. स्त्रियांना आणि काळ्या माणसांना या शर्यतीत अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ साली. १९८९ मध्ये सॅम्युएल त्शबालाला ती जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. रस्ता तोच होता, पाय तेच होते. पन्नासेक वर्षे फक्त वहीत नाव लिहिले जात नव्हते. महाडच्या तळ्याचा धडा शिकलेल्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही.

येथवर सारे सुरळीत वाटेल. पण गेल्या वेळच्या पालक सभेत एका मुलीच्या आईने जो प्रश्न विचारला त्याने आम्हाला कित्येक दिवस अस्वस्थ ठेवले. मुलगी नववीत, अभ्यासात बरी, धावण्यात फारच चांगली. आई आसनगावपलीकडच्या गावातली, शेतमजुरी करणारी. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, आमी जलमभर डोंगरात मोळ्या वाहिल्या. पोरीनं तसं करू नये म्हनून तिला हितं ठेवली. आता तुमी तिला परत डोंगरातच पळवनार? मग साळंत घालून काय केलं आमी?”

सभेत हशा पिकला नाही, उलट बऱ्याच माना हलल्या. एका शिक्षकांनी उत्तरादाखल कविता राऊतचे नाव घेतले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक. उदाहरण चुकीचे नव्हते. आईने ते ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, “ती एक झाली. तिच्यासंगं पळनाऱ्या बाकीच्या पोरींचं काय झालं, ते सांगा.”

त्या प्रश्नाचे उत्तर सभेत कोणाजवळ नव्हते, आमच्याजवळही नव्हते. क्रीडा शिष्यवृत्ती, राखीव जागा, पोलीस भरतीतली धाव असे मुद्दे निघाले. ते खरेही आहेत, आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण त्या धावेच्या बळावर आज खाकी वर्दीत आहेत. पण ती माउली विचारत होती ते नोकरीविषयी नव्हते. ज्या श्रमातून मुलीला सोडवले, तोच श्रम रंगीत बनियन घालून कोणी आनंद म्हणून परत देत असेल तर त्याला काय म्हणायचे, असा तो प्रश्न होता. मध्यमवर्गाला डोंगर हा सुटीचा दिवस वाटतो. ज्यांनी तो डोक्यावर वाहिला त्यांना तसा वाटावा अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

वाद घालण्याऐवजी आम्ही त्यांना विनंती केली की तुम्ही स्वतः येऊन वाट पाहा, मग ठरवा. त्या आल्या. एका रविवारी पहिल्या गाडीने आसनगावहून ठाण्याला उतरल्या. आमच्या घरी चहा घेतला. रिक्षाने येऊरला गेलो आणि वनरक्षकांच्या सोबतीने पाड्यापासून मानपाड्याकडे पायवाट उतरलो. आम्ही या वाटेने दहा वर्षे धावत असू. त्या पहिल्यांदाच पाहत होत्या आणि अर्ध्या तासात त्यांनी आम्हाला आमचीच वाट शिकवली. एका ठिकाणी दवाने ओल्या झालेल्या तिरक्या कातळावर त्यांनी पायाचा अंगठा रोवून पाहिला आणि म्हणाल्या, हितं पोरं घसरनार. ओहोळाच्या काठाला वाळलेली विष्ठा काठीने उलटून त्यांनी त्यातले केस दाखवले. वनरक्षकाने मान डोलावली. मग एका मोठ्या उतारावर थांबून त्यांनी विचारले, “हे तुमी उतरता का चढता?” उतरतो, असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “उलटं करा. चढताना दम जातो, तो बसलं की परत येतो. उतरताना गुडघं जातात.”

शरीरशास्त्र हेच सांगते, फक्त अधिक शब्दांत. चढताना मांडीचे स्नायू आकुंचन पावत शरीर वर ढकलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना शरीराचा भार अडवतात, गाडीच्या ब्रेकसारखे, आणि त्या ताणात त्यांचे सूक्ष्म तंतू दुखावतात. म्हणून उताराच्या धावेनंतर दोन दिवस जिना उतरवत नाही. कॉम्रेड्स धावणारे अनुभवीही उताराचे वर्ष पायांना अधिक छळते असे सांगतात. सातारच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये, जी २०१२ पासून यवतेश्वराच्या घाटातून होते, आम्ही एकदा धावलो होतो. तेथेही चढणीवर दमलेले लोक परतीच्या उतारावर लंगडताना पाहिले. हे सारे आम्ही वाचले होते, पाहिलेही होते. त्या बाईंना ते तीस वर्षांच्या मोळ्यांनी सांगितले होते. त्या रविवारपासून वर्तुळाची दिशा बदलली: ओल्या कातळाचा उभा भाग आता चढून जायचा आणि उतार येतो तो येऊर घाटाच्या डांबरावर, जेथे पाय निदान कोठे पडतो ते दिसते.

परतताना फाटकापाशी त्यांनी संमतीपत्र मागितले. सही सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळे काढून केली. आम्ही मुलांच्या पाठीवर पाण्याची छोटी पिशवी देणार असल्याचे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “पाठीवर चालंल. डोक्यावर मातर काय देऊ नका.”

धावण्याचा दिवस जानेवारीतला होता, हवेत गारवा आणि घोडबंदर रस्त्यावर त्या वेळीही कंटेनरची रांग. मानपाड्याकडे वळताना उजाडू लागले होते. या बाजूलाच ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे काम चालू आहे. जुलै २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. जोडरस्त्यांसह ११.८ किलोमीटरचा हा मार्ग पुरा झाला की डोंगराखालून मोटारी काही मिनिटांत पलीकडे जातील. मुलांनी पत्र्याच्या कुंपणाआडची यंत्रे पाहिली आणि एकाने विचारले की खालून रस्ता झाल्यावर वरचे जंगल बंद होईल का. त्याला आम्ही वनरक्षकांकडे पाठवले. ते हसले आणि म्हणाले, तू मोठा होऊन वनखात्यात ये, मग तूच ठरव.

एकोणीस मुले-मुली होती, तीन शिक्षक, दोन माजी विद्यार्थी. माजी विद्यार्थ्यांतला एक रात्रपाळी करून थेट आला होता. कातळाच्या चढावर सगळेच चालले. त्याच्या वर, जेथे वाट पाड्याच्या शेताडीत निघते, तेथे एक वयस्क बाई गवताचा भारा खाली ठेवून दगडावर टेकल्या होत्या. आमचा नियम आहे की ओझे घेतलेल्या माणसाला वाट आधी द्यायची, धावणाऱ्याने बाजूला उभे राहायचे. येऊरच्या पाड्यांतल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या या वाटांनी खाली उतरून ठाण्याच्या बाजारात आल्या आहेत. पावसाच्या आरंभी नौपाड्यात गावदेवीपाशी शेवळे, टाकळा, कंटोली विकणाऱ्यांत त्या असतात, आणि आम्ही घासाघीस करतो ती त्यांच्याशीच. पण येथे त्या बसलेल्या होत्या, म्हणून पुढची मुले जयभीम घालून निघून गेली. ती नववीतली मुलगी तेव्हा सर्वांच्या पुढच्या तिघांत होती. ती थांबली. बाईंना काही विचारलेही नाही. भाऱ्याच्या एका बाजूला जाऊन गुडघा टेकला, दोन्ही हात खाली घातले आणि बाईंनी चुंबळ डोक्यावर ठेवताच एका हिसक्यात भारा वर चढवला. खाली ठेवलेले ओझे एकट्याने पुन्हा डोक्यावर घेता येत नाही, कोणीतरी हात लावावा लागतो, हे त्या रांगेत तिला आणि फार तर आणखी दोघांना माहीत होते. बाई मान न हलवता तिच्याशी काही बोलल्या आणि चालू लागल्या. मुलगी त्यांच्या मागून थोडे अंतर चालली, कारण वाट अरुंद होती, आणि रुंद झाल्यावर पुन्हा धावू लागली.

पाटोणापाड्यावर कान्हेरीची हकीकत सांगताना आम्ही तिच्याकडे पाहिले. ती बुटातला खडा काढत होती.

घाट उतरून उपवनला आलो तेव्हा ती सातवी होती. वर्तकनगरच्या रहदारीत आणखी दोघे पुढे गेले. नौपाड्यात तिला दोन तास पंचावन्न मिनिटे लागली. पहिला आलेला मुलगा तिच्याआधी अठरा मिनिटे पोहोचला होता. पोह्यांच्या पराती रिकाम्या झाल्यावर तिने आमच्या घरच्या फोनवरून आईच्या शेजारणीला फोन लावला. आई आल्यावर तिने सांगितले ते आम्हाला ऐकू आले ते असे: वाट चांगली आहे, तू सांगितलेला कातळ ओला होता, पडले नाही, पाय दुखतात, गुडघे दुखत नाहीत. भाऱ्याविषयी ती काही बोलली नाही. आम्हीही त्या माउलींना अद्याप सांगितलेले नाही. सांगावे की नाही याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत.

ठाणे महापालिकेच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये मधल्या काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा पाय वाजू लागले आहेत आणि काही पालकांनी सुचवले आहे की डोंगराऐवजी मुलांना तेथेच उतरवावे: रस्ता सपाट, रुग्णवाहिका हजर, प्रमाणपत्र हातात. सूचना विचारात घेण्याजोगी आहे. ज्या मुलांना शर्यतीची ओढ आहे त्यांनी तेथे जरूर धावावे. डोंगराचे वर्तुळ मात्र आमच्या पायांत बळ आहे तोवर चालू राहील. येत्या खेपेसाठी एक बदल ठरला आहे. वाट आधी तपासण्यासाठी दोन पालक आमच्याबरोबर येतील आणि त्यांचा जाण्यायेण्याचा व दिवसाच्या मजुरीचा खर्च माजी विद्यार्थी मंडळ उचलणार आहे, कारण रविवारचीही मजुरी बुडते. पहिले नाव त्या आईंनी स्वतःहून दिले आहे. दुसऱ्या नावाची जागा रिकामी आहे. ज्यांना डोंगर ठाऊक आहे अशा पालकांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापूर्वी वसतिगृहाच्या कार्यालयात कळवावे.